शब्दांची वही: लेकराला बोलतं कसं करायचं

‘पाऊ.’

दीड वर्षाच्या एका पोरीच्या पानावर माझ्या वहीत हा एकच शब्द आहे, पण तो चार वेळा लिहिलेला आहे. पाऊस आला की पाऊ. पायाला ठेच लागली की पाऊ. चहात बुडवायचा पाव पाहिजे असला की पाऊ. आणि तिच्या आजोबांना सगळं गाव ‘भाऊ’ म्हणतं, म्हणून तेही पाऊ. तिची आई मला म्हणाली होती, “मॅडम, माह्या पोरीले एकच शब्द येते, बाकी काईच नाई.” मी दोन दिवस त्यांच्या ओट्यावर येता-जाता बसले आणि तिला सांगितलं, एक नाही, चार येतात. तोंड एकच वाट काढतंय, डोक्यात मात्र चार खाने झालेत.

मी विदर्भात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. सव्वीस वर्षं झाली. घरी चार एकर वावर, कापूस आणि तूर. वजन-उंचीच्या नोंदी तर महिन्याच्या महिन्याला कराव्याच लागतात, पण शब्दांची वही ही माझी हौस. पहिली वही उंदरांनी खाल्ली, आता पाचवी चालू आहे. त्या वह्यांमधून जे कळलं ते इथं सांगते. खेळणी विकत आणायची नाहीत, तक्ते लावायचे नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गरिबाचं लेकरू बालवाडीत येत नाही म्हटल्यावर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पानं, बिया हेच त्यांचं साहित्य. आपल्याकडे तर अख्खा कोठा आहे, ढोरं आहेत, चूल आहे.

आधी वही

साधी वही घ्या, किंवा जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवा. तीन-चार दिवस लेकरू जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहायचं. ‘तुत्ला’ म्हणालं तर ‘तुत्ला’, समोर ‘कुत्रा’. लिहिता येत नसेल तर मोठ्या भावा-बहिणीला सांगा. चौथीतली पोट्टी हे काम आपल्यापेक्षा बरं करतात, कारण त्यांना लहानग्याची भाषा आपल्याआधी कळते.

शब्द कशाला म्हणायचं? माझा नियम सोपा आहे. एकाच गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज निघाला तर तो शब्द. तो चुकीचा असला तरी चालेल. गाईला ‘हम्मा’, कुत्र्याला ‘भू’, दुधाला ‘दुदू’, हे सगळे मोजायचे. आपण ‘म्हण बाबा’ म्हटलं आणि त्यानं मागून ‘बाबा’ म्हटलं, तो मोजायचा नाही. स्वतःहून म्हणेल तेव्हा मोजा. सगळ्या चार पायांच्या जनावरांना ‘हम्मा’ म्हणत असेल तर हसू नका, काळजीही करू नका. त्याच्याकडे एकच पिशवी आहे, त्यात तो बकरी, म्हैस, गाढव सगळं भरतो. ‘बकरी’ची पिशवी मिळाली की आपोआप वेगळं काढेल.

एक पान मात्र वेगळं ठेवा: बोलत नाही, पण समजतं. “फडा आन” म्हटल्यावर कोपऱ्यातला फडा, म्हणजे झाडू, ओढत आणतं का? “बाबा कुठी हाये?” म्हटल्यावर दाराकडे पाहतं का? बोट दाखवतं का, टाटा करतं का, मान हलवून ‘नोको’ सांगतं का? समजणं नेहमी बोलण्याच्या पुढं चालतं, बंडीच्या पुढं बैल चालतो तसं. हे पान भरलेलं असेल तर दुसरं पान उशिरा भरलं तरी थोडा धीर धरता येतो. दोन्ही पानं कोरी असतील तर मात्र धीर धरू नका. ते शेवटी सांगते.

आता लोक वय विचारतात. साधारण असं: सहा महिन्यांच्या पुढं ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड. वर्षाच्या आसपास पहिला खरा शब्द. दीड वर्षाला हातावर मोजण्याइतके. दोन वर्षांला पन्नासच्या आसपास, आणि दोन शब्द जोडणं: “आई ये”, “दुदू संपलं”. तीन वर्षांला तीन-चार शब्दांचं वाक्य, आणि बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळावं. चार वर्षांला घडलेली गोष्ट सांगता यावी, भलेही मधलं आधी आणि आधीचं मागं. दोन पोरांत फरक फार असतो. एकाच महिन्यात जन्मलेली दोन पोरं माझ्या वहीत शेजारी शेजारी आहेत; दोन वर्षांची झाली तेव्हा एकाचे चाळीस शब्द होते, दुसरीचे मी दीडशेनंतर मोजणं सोडलं. आज दोघंही शाळेत सारखीच कटकट करतात.

वहीचा पहिला फायदा आईलाच होतो. ‘पाच-सहा शब्द येतात’ म्हणणाऱ्या आईच्या वहीत चौथ्या दिवशी तेवीस निघाले, असं माझ्यासमोर झालं आहे. ती सहाच ऐकत होती.

मग गप्प बसायचं

सगळ्यात अवघड काम हेच, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

आमच्या गावात लेकराशी कोणी बोलत नाही असं नाही. दिवसभर बोलतात. पण काय बोलतात ते एकदा कान देऊन ऐका. “इकडे ये. तिकडे नोको जाऊ. बस. खा. हात नोको लावू. पाय, पडशीन.” सगळे हुकूम. हुकुमाला उत्तर लागत नाही, पाय हलवले की झालं. आणि जिथं प्रश्न असतो तिथं उत्तरही आपणच देतो: “भूक लागली का? लागली ना? चाल, जेव.” लेकराच्या तोंडाला पाळीच येत नाही.

सव्वादोन वर्षांचा एक मुलगा होता, मोठ्या कुटुंबातला, चार काकू आणि एक आजी. नुसती नजर वळली की आजी वाटी पुढं करायची. मी म्हटलं, आजी, त्याला मागू द्या. आजी म्हणाल्या, “त्याले काय पायजे ते मले समजते ना बापा, मंग त्यानं काहून बोलावं?” त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं. त्यानं काहून बोलावं? मी त्यांना एवढंच सांगितलं की मुरमुऱ्यांचा डबा त्याला दिसेल असा ठेवा, पण झाकण घट्ट लावा. तो डबा घेऊन आला की हातात घ्या, त्याच्या तोंडाकडे पाहा आणि मनात दहापर्यंत मोजा. हसतमुखानं, पण गप्प.

दहा आकडे म्हणजे फार नाहीत असं वाटतं. मोजून पाहा. आजी पहिल्या दिवशी चारलाच फुटल्या. तिसऱ्या दिवशी सातला पोरगा म्हणाला, “काद.” काढ. आजींनी डबा उघडला आणि मदतनीसबाईंना बोलवायला दुसऱ्या गल्लीत धावल्या.

मोठ्या माणसाला उत्तर सुचायला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट लेकराला लागतो. त्याला आधी ऐकायचं असतं, मग समजायचं, मग शब्द शोधायचा, मग जीभ-ओठ जागेवर आणायचे. आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतो आणि त्याची सगळी तयारी वाया जाते.

इथं एक सावधगिरी. दहा आकडे झाले, शब्द नाही आला, तर वस्तू द्यायची. देताना शब्द आपण म्हणायचा: “काढ. झाकण काढलं.” बस. ‘म्हण पाणी, नाही तर देणार नाही’ हा प्रकार करू नका. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी हे केलेलं आहे. मोठ्या उत्साहानं गडवा हातात धरून उभी राहायचे. एका पोरानं अंगणवाडीत पाणी मागणंच सोडलं. दुपारी घरी जाऊन घटाघटा प्यायचा. त्याच्या आईनं सांगितलं तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही. बोलणं म्हणजे पाण्याची किंमत नव्हे. भूक-तहान, रडणं, झोप यांच्या वेळी हा खेळ नाही; खाऊ, फुगा, चेंडू, डबा यांच्यासाठी आहे.

त्याच्या शब्दाला एक शब्द जोडा

पोरगं म्हणालं ‘हम्मा’. आपण काय म्हणायचं? “हाव, हम्मा आली.” उद्या ते म्हणेल ‘हम्मा आली’. आपण म्हणायचं, “काई हम्मा आली, पानी पेऊन रायली.” नेहमी एक-दोन पावलं पुढं, दहा नाही. आणि ते ज्याच्याकडे पाहतं त्याबद्दलच बोलायचं. ते मुंगीकडे पाहत असेल आणि आपण चंद्राची गोष्ट लावली तर दोन्ही जातात.

प्रश्न कमी विचारा. “हे काय? हे काय? आणि हे काय?” ही बोलण्याची रीत नाही, तलाठ्याची चौकशी झाली. एक प्रश्न विचारला तर तीन-चार गोष्टी सांगा. नुकतं बोलू लागलेल्याला निवडीचा प्रश्न सोपा पडतो: “भाकर का भात?” दोन्ही शब्द त्याला प्रश्नातच मिळतात, फक्त उचलायचा असतो. तीन वर्षांच्या पुढं ‘काहून?’ आणि ‘मंग काय झालं?’ सुरू करा.

शहरातली पुस्तकं सांगतात, रोज अर्धा तास मुलाजवळ बसा. दिवाळीपासून पुढं कापूस वेचणीत आमच्या बाया सकाळी सातला घर सोडतात, अंधार पडता परत येतात. तान्हं लेकरू धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडाला झोळीत, त्याच्यापेक्षा मोठं आजीजवळ. अर्धा तास कुठून काढायचा? म्हणून मी तीन जागा सांगते, जिथं आपण असतोच: न्हाणी, चूल आणि वावराची वाट.

न्हाणीत अंगाचे शब्द. “आता पाठ. आता पाय. पाय वर कर. साबन डोयात गेली का?” हात त्या जागेवर, शब्द त्याच क्षणी. यापेक्षा चांगला तक्ता कुठल्याच दुकानात मिळत नाही.

चुलीजवळ क्रियापदं. यावर माझा विशेष भर आहे, कारण सगळे लोक पोरांना नावं शिकवतात: फळं, फुलं, प्राणी. नावांनी वाक्य होत नाही. वाक्य चालतं ते करण्याच्या शब्दांवर. एक भाकर होईपर्यंत बघा किती येतात: पीठ घे, पाणी ओत, मळ, गोळा कर, थाप, टाक, उलट, शेक, फुगली, उतरव, फुंक, मोड. आणखी दुपारी: पाखडणं, निवडणं, चाळणं, कुटणं, सोलणं, सांडणं, भरणं. त्याला चिमूटभर पीठ द्या आणि आपण जे करतो ते तोंडानं सांगत राहा, “मी आता गंज घासते. गंज काळा झाला. राखेनं घासते.” वेड्यासारखं वाटतं, पहिले दोन दिवस सासूही विचित्र पाहते. वाटू द्या. माझ्या वहीत निम्म्या पोरांचं पहिलं दोन शब्दी वाक्य ‘भाकर फुगली’ किंवा त्याच्याच आसपासचं आहे. फुगणारी भाकर पाहून गप्प राहील असं लेकरू मी अजून पाहिलं नाही.

वाटेवर दिशा आणि जागा: बंडीच्या वर, बाभळीखाली, धुऱ्यापलीकडे, विहिरीजवळ, मागं, पुढं. हे शब्द उशिरा येतात, कारण त्यांना हात लावता येत नाही. बंडीत बसलेल्या पोराला मात्र ते अंगानं कळतात. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, पाती लागली, मग फूल, मग बोंड, मग बोंड फुटलं, ही तर पाच महिन्यांची गोष्टच आहे, रोज एक ओळ सांगायची.

आजींसाठी वेगळं काही सांगत नाही. फक्त त्यांना सांगा की तुमचं बोलणं हेच औषध आहे. पुष्कळ आज्या समजतात, आपण शिकलेल्या नाही, आपण काय शिकवणार.

डोया की डोळा

आता माझी एक तक्रार. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई आमच्या अंगणवाडीत तपासणीला आल्या होत्या. चित्र दाखवून एका साडेतीन वर्षांच्या पोरीला विचारलं, हे काय आहे? पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली, “सांबार.” बाईंनी चूक मारली. चित्र कोथिंबिरीचं होतं! आता विदर्भात कोणालाही विचारा, कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. बटाटा आम्ही आलू म्हणतो. पोरीनं बरोबर ओळखलं, बरोबर सांगितलं, आणि चूक तिच्या नावावर पडली. त्यानंतर महिनाभर ती चित्र पाहिलं की आधी माझ्या तोंडाकडे पाहायची.

घरात ‘ळ’चा ‘य’ होत असेल, डोया, काया, केयं, तर लेकरूही तेच म्हणेल. तो उच्चारातला दोष नाही, त्यानं आपलं घर नीट ऐकलं याचा पुरावा आहे. घरच्या बोलीत त्याला आधी भरपूर बोलू द्या. अंगणवाडीत मी ‘डोळा’ म्हणते, ते ‘डोया’ म्हणतात, वर्ष-दीड वर्षात त्यांना दोन्ही येतात आणि कुठं कोणतं वापरायचं तेही कळतं. जे आईबाप पोराशी मुद्दाम पुस्तकी बोलायला जातात त्यांची वाक्यंच आखडतात. ‘तू जेवण केलेस का’ एवढ्यावर संवाद संपतो. त्यापेक्षा “जेवला का बे? काय जेवला? वांगे होते? तिखट होते का?” हे किती लांब गेलं पाहा.

आमच्या शेजारच्या तांड्यावरून बंजारा पोरं येतात, काही पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, कोलाम पोरं येतात. त्यांच्या आया घाबरून विचारतात, घरी मराठीच बोलू का? नाही. दोन भाषांनी डोकं गोंधळत नाही. मोजताना दोन्ही भाषांचे शब्द एकत्र मोजा. घरी ‘याडी’ आणि अंगणवाडीत ‘आई’ म्हणणाऱ्या पोराचे ते दोन शब्द. भाकरीला कधी ‘बाटी’, कधी ‘भाकर’ म्हणतो, तेही दोन. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही लहान वयात घरच्या भाषेतच शिकवा म्हणतं. मी एका याडीला आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बोलावते, ती गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, वस्तूंची नावं सांगते, आणि त्या दिवशी तांड्यावरची पोरं इतरांना शिकवतात. जे पोरगं सहा महिने कोपऱ्यात होतं ते त्या दिवशी ओरडून ओरडून बोलतं.

चुका

“मुंगी मरली.” “म्या करलं.” अशा चुका ऐकल्या की मला खरं तर आनंद होतो. पडणं-पडली, बसणं-बसली, तर मरणं-मरली. हे कोणी शिकवलेलं नाही. लेकरानं आपल्याआपण नियम शोधला आणि सगळीकडे लावला. ‘मेली’ हा अपवाद त्याला हळूहळू सापडेल. “असं नाही म्हणायचं” म्हणू नका. नुसतं बरोबर रूप परत द्या: “हो ना, मेली मुंगी. काहून मेली असन?” चूक सुधारली गेली आणि गप्पाही चालू राहिल्या.

र, ळ आणि जोडाक्षरं उशिरा येतात. ‘लोटी’ म्हणणारं तीन वर्षांचं पोरगं नॉर्मल आहे. त्याला पाहुण्यांसमोर ‘रोटी म्हणून दाखव’ म्हणायला लावू नका, आणि त्याची बोबडी लाडानं परत त्यालाच ऐकवू नका. अडीच-तीन वर्षांच्या सुमारास काही पोरं ‘मी मी मी मी’ असं अडखळतात. विचार पुढं पळतो, जीभ मागं राहते. ‘हळू बोल, नीट बोल’ म्हणू नका, आपणच हळू बोला आणि वाक्य पूर्ण होऊ द्या. सहा महिने होऊनही गेलं नाही, किंवा शब्द काढताना चेहरा ताणतो, डोळे मिटतो, तर दाखवा.

खिरापत ओळखा

तीन ते सहा वर्षांच्या पोरांसाठी मला सगळ्यात कामी आलेली गोष्ट भुलाबाईची आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा झाकलेला, आत काय आहे ते विचारून विचारून काढायचं. हा खेळ महिनाभरच का खेळायचा? मी तो वर्षभर चालवते. झाकलेल्या डब्यात कधी फुटाणे, कधी बोरं, कधी नुसता दगड.

पहिल्या आठवड्यात पोरं नावंच ओरडतात: “लाडू! चिवडा! केयं!” मग मी सांगते, आज नाव घ्यायचं नाही, आधी विचारायचं. गोड आहे का? गोल आहे का? झाडाला लागते का जमिनीत? सोलून खातात का? चावलं की आवाज येतो का? हळूहळू पोरं आपले प्रश्न आणतात. रंग, चव, आकार, कशापासून केलं, कशानं खातात, असे शब्द सुटे शिकवले तर आठवडाभर टिकत नाहीत. खिरापतीच्या हावरेपणात चिकटून बसतात. मग पाळी उलटी करायची: डबा पोराच्या हातात, ओळखणार आपण. आता वर्णन त्याला करावं लागतं. आपण मुद्दाम चुकायचं. “गोड आहे, गोल आहे, म्हणजे बैल आहे?” पोरं पोट धरून हसतात आणि समजावून सांगायला लागतात, आणि समजावून सांगताना त्यांची वाक्यं सगळ्यात लांब होतात.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवतात, तेव्हाही तसंच. ‘तुझा बैल दाखव’ म्हणू नका, ‘तुझ्या बैलाचं काय काय केलं ते सांग’ म्हणा. आधी काय केलं, मग काय केलं. त्याच्या नावाचा झगडा तर अर्धा तास चालतो.

मोबाइल

थोडक्यात. दोन वर्षांच्या आत नको, पुढं पाचपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली हेच सांगितलं आहे. कारण साधं आहे: मोबाइल दहा आकडे मोजत नाही. लेकरू काही म्हणालं तरी तो आपला पुढं जातो. माझ्याकडे एक पोरगा होता, ‘रेड, ब्ल्यू, येलो’ सगळं म्हणायचा, पण पाणी पाहिजे तर रडायचा. बाप पुण्याला कामाला असेल तर त्याच्याशी व्हिडिओ कॉल खुशाल लावा. बाप उत्तर देतो.

जिथं थांबायचं नाही

आवाजाकडे मान वळवत नाही. वर्षभराचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवत नाही, नावानं हाक मारली तर पाहत नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांला दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, येत असलेले शब्द गेले. यातलं काहीही असेल तर ‘बोलेल, बोलेल’ म्हणू नका.

मी म्हटलं होतं. वीस महिन्यांच्या एका पोराची आई माझ्याकडे आली, एकही शब्द नाही म्हणाली. मी म्हटलं, याचा बापही उशिरा बोलला, मला माहीत आहे, थांब थोडं. घरात वेखंड उगाळून मधातून चाटवणं चालू होतं, कोणी म्हणालं जीभ जड आहे, कोणी म्हणालं जिभेखालचा पडदा कापा. आठ महिने गेले. मग तपासणीत निघालं, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ट्रॅक्टर आला की तो वळून पाहायचा, म्हणून आम्हा सगळ्यांना वाटायचं ऐकतो. मोठा आवाज ऐकू येतो आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत, असंही असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते आठ महिने माझ्या वहीत कोरे आहेत आणि त्यांचा दोष मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

म्हणून घरी ताट वाजवून ‘ऐकू येतं’ असं ठरवू नका. कान वाहत असेल तर कोमट तेल टाकू नका, दाखवा. वारंवार वाहणाऱ्या कानानंही ऐकणं कमी होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढायला त्रास होतो, एखादा उच्चार अडतो, पण शब्दच येत नाहीत असं त्यानं होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका. पथक यायला वेळ असेल तर सेविकेला किंवा आशाताईला सांगून आधीच चिठ्ठी घ्या. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं तपासणी आणि उपचार मोफत असतात. कानाची ‘बेरा’ नावाची तपासणी लेकरू झोपेत असताना करतात, दुखत नाही. त्या दिवशी त्याला प्रवासात झोपू देऊ नका, तिथं पोहोचल्यावर झोपवा. बसस्टँडवर मुरमुरे आणि चेंडू जवळ असू द्या. आणि वही न्या. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, किती शब्द बोलतो? घाबरलेल्या आईला तिथं काही आठवत नाही.

त्या पोराला मशीन लागलं, वही पुन्हा सुरू झाली. वर्षभरानं तपासणीला गेलो तेव्हा आईनं वही पुढं केली. नवीन डॉक्टर होते, पश्चिम महाराष्ट्राकडचे असावेत. एकेक पान बोट ठेवून वाचत होते, एका जागी थांबले आणि म्हणाले, “गंज? एवढ्या लहान मुलाला गंज म्हणजे काय ते कसं माहीत? लोखंडाला चढतो तो?” पोराची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग दोन्ही हातांनी हवेत गोल करून त्यांना समजावून सांगू लागली, दूध तापवतो ना साहेब, ते भांडं.